आक्षेप क्रमांक सतरा

गावाचं नाव अहवालात आहे, इथं लिहीत नाही.
बोरीच्या काठचं, जळगावहून एस.टी.नं दोन तास.
मे महिना. पिशवीत सुती टोपी, कांदा,
आणि लेखापरीक्षकाची हिरवी शाई.

देयकात खांब दोनशे बारा,
दिव्यासह, तारेसह, वाहतूक धरून.
काम सहा महिने चाललं म्हणे
आणि मोजमाप पुस्तिकेत सही करणाऱ्याचं पेन
एकदाही बदललं नाही,
हातही एकदा थकला नाही.
मी समासात एक टिंब दिलं. बोललो काही नाही.

दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं,
म्हणून उन्हं उतरल्यावर निघालो.
उखर्डू शिपाई पुढे, गेरूचा डबा घेऊन,
मी मागे वही घेऊन.
तेली गल्ली, भोईवाडा, जिनिंगच्या मागची बोळ.
तो आकडा रंगवायचा, मी आकडा लिहायचो,
पोरं आमच्यामागून पाढे म्हणत यायची.

भिलाटीच्या टोकाला शेवटचा.
खांब होता, दिवा नव्हता.
एका बाईनं त्याला धुण्याची दोरी बांधलेली.
मी थांबलो. नियमात हे कुठं बसतं ते आठवू लागलो.
"हाऊ बी मोजा, साहेब," उखर्डू म्हणाला,
"दिवा नही, पन खांब शे."
बाई लुगडं काढून घेत म्हणाली,
"तुम्हनं मोजणं व्हयनं, आते दिवा कव्हय लागी?"
मी लिहिलं: एकशे एकाहत्तर.
खाली बारीक अक्षरात: दिवा नाही.

दुसऱ्या दिवशी सभा.
नगराध्यक्षांच्या गटाचे खांब दोनशे बारा.
विरोधकांचे शहाण्णव.
माझे कुणालाच नको होते.
दगाजीराव मला खिडकीशी घेऊन गेले,
नवलसिंग जिन्यात भेटले,
दोघांनीही माझा हात हातात धरला
बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबतात तसा.
एकाला थोडं वर हवं होतं, एकाला थोडं खाली.
"साहेब, गोल करून टाका."
गोल कसा करायचा एकशे एकाहत्तर?
आत माईक तुटला, एक खुर्ची गेली,
कुणीतरी घोषणा दिली, ती खांबांबद्दल नव्हती.

दोन वर्षांनी सत्ता फिरली.
आता नवलसिंग म्हणाले, दोनशे बारा, चोख काम.
दगाजीराव म्हणाले, शहाण्णव, चौकशी झालीच पाहिजे.
आकडे तेच, तोंडं बदललेली.
ठेकेदार मात्र तोच,
दोन्ही वेळा हारतुऱ्याला पुढच्या रांगेत.

अनुपालन येत राहिलं, वर्षाला एक,
"सदर बाब निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार.
कार्यवाही सुरू आहे."
एकदा समितीही आली. गाड्या सात.
विश्रामगृहात भरीत-पुरी झाली,
खांब बघायला काच तेवढी खाली झाली,
ऊन आत आलं, काच वर गेली.
एक्केचाळीस खांबांची वसूलपात्र रक्कम
मी दरसाल नव्या पानावर उतरवून घेतली,
जुनं दुखणं नव्या डॉक्टरला सांगावं तशी.

मग मीच निवृत्त झालो.
आक्षेप सतरा अजून नोकरीत आहे.

परवा उखर्डूच्या नातीची लग्नपत्रिका आली.
भिलाटीच्या टोकालाच घर बांधलंय त्यानं,
हे मला पत्रिकेवरून कळलं.
वधूचा पत्ता नीट छापलेला:
भिलाटी, खांब नंबर १७१ जवळ.
बायकोनं विचारलं, काय एवढं वाचताय?
मी पत्रिका उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली.
लग्न रात्रीचं आहे.
खाली, बारीक अक्षरात:
येताना बॅटरी सोबत आणावी.